सुटसुटीत लेबल

सिस्टरने लेबल टेबलावर आपटलं. "हा एकचा आकडा कुठून आला? डॉक्टरांनी पॉइंट सहा लिहिलंय!"

संगणक विभागातली मुलगी ते पाहून पांढरीफटक पडली. बाळाचं हृदयाचं औषध. डोस: १ मिली. हॉस्पिटलातल्या औषधांची लेबलं तिच्याच प्रोग्रामातून छापून येत. परवाच तिच्या विभागाचे साहेब म्हणाले होते, "ती टिंबं नि शेपट्या उडव बाई, लेबल कसं सुटसुटीत दिसलं पाहिजे." तिनेही एका ओळीत सांगून टाकलं होतं, आकडा छापताना टिंबापुढचं काही छापू नकोस. संगणक तर हुकमाचा ताबेदार. त्याने पॉइंट सहाचा जवळचा पूर्ण आकडा करून टाकला.

"दिला?" तिने कसंबसं विचारलं.

"सकाळचा डोस गेला. ठोके मंदावलेत. डॉक्टर तिथेच उभे आहेत."

"हे बघा सिस्टर," साहेब खुर्चीतून न उठता म्हणाले, "आतला आकडा पॉइंट सहाच आहे. चूक काहीच नाही. फक्त छापताना एक दिसतो."

"मग पाजा तुमच्या संगणकाला! बाळाच्या तोंडात आम्ही लेबलावरचाच आकडा घालतो. इथे गारव्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुमचं काय जातंय?"

मुलीचे हात कीबोर्डवर गेले.

"थांब," साहेब गुरकावले. "आज बदललं म्हणजे काल चुकलं होतं, असं आपल्याच तोंडाने सांगितल्यासारखं होईल. आधी वर विचारू."

मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांचा राग आलाच, पण परवा 'हो सर' म्हणणाऱ्या स्वतःच्या जिभेचा त्याहून जास्त आला.

"विचारा खुशाल," ती म्हणाली आणि तिने ती ओळ बदलली. प्रिंटर कुरकुरला. ०.६ मिली. "जुनी सगळी लेबलं फाडा सिस्टर. एकूण एक नवीन देते."

तेवढ्यात फोन वाजला. सिस्टरने झडप घालून उचलला आणि ऐकता ऐकता भिंतीला टेकली.

"ठोके सुधारताहेत," ती म्हणाली. "पण बाळाची आई हटून बसलीय. काय चुकलं ते सांगा म्हणते. कोण येतंय?"

साहेबांनी संगणकाच्या पडद्याकडे तोंड फिरवलं.

मुलगी उठली.

"चला. टिंब मी उडवलंय."