मागच्या अंगणातला पाया

“मावशी, दोरीला पाय लागू देऊ नका,” सुतार म्हणाला. बाई चटकन मागे सरल्या आणि दारातच खुर्ची टाकून बसल्या.

सकाळी जाग आली तीच फावड्याच्या आवाजानं. कडी काढून बघतात तर मागच्या अंगणातलं गवत मुळासकट सोलून कडेला रचलेलं. चारी कोपऱ्यांना खुंट्या, खुंट्यांना दोरी. मागच्या गल्लीच्या फाटकातून आलेला हा सुतार म्हणाला, “डेकच्या पायाचं काम. साहेबांनी सांगितलंय.”

साहेब म्हणजे त्यांचा लेक. दोन वर्षं घोकत होता, “आई, माणूस पाठवून मागच्या अंगणात लाकडी फळ्यांचा डेक करून देतो, तुझा पाय घसरायला नको.” आज करतो, उद्या करतो. शेवटी बाई घसरून पडल्याच. तेव्हा त्यांनी फोनवर सुनावलं, “तुझा शब्द म्हणजे पाण्यावरची रेघ.” त्या दिवसापासून मायलेकांत अबोला होता, आणि तो बाईंना पायाच्या दुखण्याहून जास्त सलत होता.

सुताराचं काम मात्र बघत राहावं असं होतं. त्यानं समोरासमोरच्या कोपऱ्यांत मोजायची फीत तिरकी धरली, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. बोटाच्या पेराएवढा फरक निघाला. त्यानं खुंटी उपटून पुन्हा ठोकली.

“एवढ्यानं काय बिघडतंय?” बाईंनी विचारलं.

“आज पेरभर, फळ्या बसवताना वीतभर. वरचं झाकता येतं, मावशी. पाया झाकता येत नाही.”

बाईंना हे फार पटलं. एका खड्ड्यात माती भुसभुशीत लागली, तर गडी घट्ट जमीन लागेपर्यंत खणत राहिला. तळ धुमसानं ठोकून काढला, खडी पसरली, पुन्हा ठोकली. हातचं राखून काम करणं त्याला ठाऊकच नसावं.

एकदाच तो अडला. “साहेब म्हणाले होते, झाड डाव्या हाताला लागेल. इथं तर उजवीकडे आहे.”

“त्याचं डावं-उजवं लहानपणापासून तसंच आहे,” बाई हसल्या. “चपलासुद्धा उलट्या घालायचा.”

दुपारी खड्ड्यांत काँक्रीट पडलं. बाईंना राहवेना. असा माणूस शोधायला पोरानं किती खटपट केली असेल. त्यांनी फोन लावला.

“माणूस लाखात एक पाठवलास रे. मी नाही नाही ते बोलले, मनात ठेवू नकोस.”

पलीकडून लेक चाचरत म्हणाला, “आई, मी अजून कुणालाच पाठवलेलं नाही गं.”

बाईंचे डोळे भरून आले. पूर्वी न करता बढाया मारायचा; आता एवढं करून नामानिराळा राहतोय. “बरं बाबा, नाही पाठवलंस,” त्या लाडानं म्हणाल्या.

तेवढ्यात शेजाऱ्यांनी कुंपणावरून डोकं वर काढलं. “अहो सुतार, आम्ही सकाळपासून वाट बघतोय आणि तुम्ही त्यांच्या अंगणात काय करताय?”