वरचा मजला

टोरगेरशी लग्न ठरवायला इंगविल्ड पहिल्यांदाच त्याच्या डोंगरातल्या घरी आली. त्याच्या आईने, सिगरुनबाईंनी, तिला गरम वॉफलवर तपकिरी चीज घालून दिलं, कॉफी ओतली आणि विचारलं, "तुझं वजन किती गं?"

इंगविल्डने हातातला तुकडा परत बशीत ठेवला. "इकडे मुलीला असं विचारतात?"

"विचारावं लागतं. या कुरणाखाली दगड नाहीच. जुनं गवत थंडीने कुजत नाही, नुसतं भिजून थरावर थर साचतं. त्यावर घर बांधलं की खचतं. एका पिढीत एक मजला आत जातो. म्हणून मुलाचं लग्न ठरलं की आम्ही वर नवा मजला चढवतो."

इंगविल्डने खिडकीकडे पाहिलं. बाहेरचं गवत अर्ध्या काचेपर्यंत आलं होतं.

"म्हणजे आम्ही वर राहणार. आणि तुम्ही?"

"आम्ही इथेच. तुमच्या वजनाने हळूहळू खाली जाऊ."

तेवढ्यात पायाखालच्या फळ्यांवर खालून काठीचे ठोके पडले. सिगरुनबाई वाकून ओरडल्या, "हो मामंजी, तेच विचारतेय. जरा धीर धरा."

ठोके थांबले. मग त्याच्याही खालून, खूप खोलातून, एक बारीकसा ठोका आला.

"हे कोण?" इंगविल्डने हळूच विचारलं.

"मामंजींचे वडील," सिगरुनबाई कॉफी ढवळत म्हणाल्या. "त्यांनी मला अजून पसंत केलेलं नाही."