निरंक

रंगूने धुमसत्या वायरींच्या ढिगातून तांब्याची तार बोटांनीच उचलली. समोर उभी असलेली ग्रामसेविका नूतन दचकली.

"भाजलं असेल, रंगूताई."

"न्हाय ओ. या हाताला दोन वर्सं काय कळतच न्हाय. म्हनून तर जाळायचं काम माज्याकडं."

खाडीच्या बांधाला लागून रंगूचं अंगण. मुंबईकडून टेम्पो येई आणि फुटके टीव्ही, जुने कॉम्प्युटर, चार्जर ओतून जाई. सासू सखुबाई पडवीत बसून हातोडीने ते फोडायची. रंगू वायरी जाळायची, आतल्या सर्किटच्या हिरव्या पट्ट्या धातू सुटावा म्हणून तेजाबात बुडवायची. घरात तिसरं कुणी नव्हतं.

नूतनने मोबाइलवर अ‍ॅप उघडलं. सगळ्या देशाचा ई-कचऱ्याचा आराखडा व्हायचा होता. गावाची माहिती आज दुपारी चारच्या आत जायला हवी होती.

"लिवल्यानं काय व्हईल?" रंगूने विचारलं.

"हातमोजे मिळतील कदाचित. डॉक्टर तपासतील. नाहीतर हे बंद करायला सांगतील."

रंगूने काठीने वायरी आगीत सारल्या. मग म्हणाली, "लिवा. डाक्टर म्हनता ना, लिवा."

नूतनने पर्याय वाचले. नोंदणीकृत कारखाना. संकलन केंद्र. अधिकृत व्यापारी. यांतलं काहीच नसेल तर निरंक. घरी काम करणाऱ्यांसाठी पर्याय नव्हता. तिने खाली शेऱ्यात लिहिलं : दोन महिला, राहत्या घरी, उघड्या हातांनी. पर्याय निवडल्याशिवाय अ‍ॅप पुढे सरकेना. तिने तालुक्याला फोन लावला.

"शेऱ्याचं राहू द्या, मॅडम," साहेब म्हणाले. "तिन्हीपैकी गावात काही आहे का?"

"तसं नाही, पण..."

"मग निरंक टाका. तुमच्या एका गावापायी सगळा तालुका अडलाय."

नूतनने शेरा पुसला. निरंक टाकलं. हिरवी खूण आली.

"गेलं का?" रंगूने विचारलं.

"गेलं," नूतन म्हणाली.

रंगूने हात पदराला पुसले आणि पडवीकडे वळून सांगितलं, "आये, आपलं नाव दिल्लीला गेलं."

सखुबाईची हातोडी थांबली.

"काय म्हनून?"

रंगूने नूतनकडे पाहिलं. नूतन हेल्मेटचा पट्टा लावत होती.