आणखी एक हात

"साहेब, या खेपेला कुठला? पोपटी की जांभळा?" ठेकेदार तनपुऱ्यांनी विचारताविचारता रंगाचा डबा उघडलासुद्धा. स्टँडाबाहेरची ही पत्र्याची शेड त्यांनीच बांधलेली. दिल्लीत योजना बदलली की शेडचा रंग बदलायचा, आणि तनपुरे कधीच कुरकुर न करता जुन्या रंगावर नवा हात मारायचे.

"आता रंगच नाही," अभियंता मोघे म्हणाले. "केंद्राचं नवं धोरण आलंय. जुने थर सगळे खरवडायचे, मूळ पत्रा दिसला पाहिजे. सोमवारी दिल्लीचं पथक बघायला येतंय."

तनपुऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी साहेबांना बाजूला घेतलं. "साहेब, पत्रा कधीच गंजून गेला हो. शेड उभी आहे ती नुसत्या रंगावर. खरवडली तर खाली काहीच उरायचं नाही." शेड पास करताना सही मोघ्यांनीच केलेली, त्यामुळे घाम दोघांनाही फुटला. शेवटी तनपुऱ्यांनाच सुचलं. "पत्र्यासारखा दिसणारा रंग मिळतो की! मारू का आणखी एक हात?"

सोमवारी शेड कोऱ्या पत्र्यासारखी चकाकत होती. "इतकं स्वच्छ खरवडलेलं काम आम्ही कुठंच पाहिलं नाही," पथकातल्या मॅडम म्हणाल्या आणि फोटोसाठी शेडला टेकायला गेल्या.

आता शेड बसणार या धास्तीनं तनपुरे धावत मध्ये पडले आणि ओरडले, "मॅडम, टेकू नका, रंग ओला आहे!"