पहिली पुडी

अर्थव्यवस्थेचे अंदाज काढणारं मोफत सॉफ्टवेअर कुणालाही सहज बसवता यावं, म्हणून रिनाने पॅकेज बांधलं. तिच्या लॅपटॉपवर झकास चाले, पण तपासणाऱ्यांकडून ‘चालत नाही’ म्हणून दोनदा परत आलं. आज शेवटची संधी होती. तेवढ्यात आई शेजारून आली. सुरतेला नोकरी करणाऱ्या दादासाठी ती खिचडीच्या पुड्या बांधायची. नुसतं पाणी घालून शिजवायच्या. पहिली पुडी मात्र शेजारच्या काकूंकडे शिजे. “मीठ टाकानं राही गयं,” ती हसली. “घरमाच शिजाडीन का दखत नही?” रिनाने विचारलं. “आपला घरमा हात आपोआप मीठना डबा उघाडस, बेटा. दुसराना घरमाच समजस.” रिना थबकली. तिचा लॅपटॉपही पॅकेजमध्ये टाकायची राहिलेली फाईल गुपचूप पुरवत असणार! पेनड्राइव्ह घेऊन ती शेजारी धावली. काकूंच्या कोऱ्या लॅपटॉपवर पॅकेज अडलं. नसलेल्या फाईलचं नाव उमटलं. “सापडलं!” रिना ओरडली. स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं, “परत मीठच का व?”