समुद्र दहा मिनिटं थांबतो

टक्.

टँकखालच्या कपाटात तेवढाच आवाज झाला आणि दहा मिनिटं मुकी पडलेली खोली पुन्हा घरघरू लागली. पाणी हललं. प्रवाळांचे तुरे एका बाजूला कलले, मग दुसऱ्या. निवेदितानं घड्याळ पाहिलं. चार एकतीस. पंप बंद पडला तेव्हा चार एकवीस झाले होते.

शाळेच्या गणवेशातल्या इंदूनं काचेला चिकटवलेलं तोंड मागं घेतलं. काचेवर तिच्या श्वासाचा गोल डाग राहिला. "झालं," असं म्हणून ती हातपाय धुवायला गेली.

रोज हेच. इंदू शाळेतून यायची, टँकपुढं उभी राहायची आणि जरा वेळानं पंप बंद पडायचा. बरोबर दहा मिनिटं. मग आपोआप चालू. त्या शांततेत इंदू माशांशी कुजबुजायची. काय ते निवेदितानं कधी विचारलं नव्हतं. लहान मुलं बोलतात माशांशी.

खाऱ्या पाण्याचा तो टँक राजसचा, तिच्या नवऱ्याचा. शेजारचे त्याला हसायचे. "आमाला प्यायला चार दिवसांनी पाणी, आन् ह्यांनी घरात समुद्र ठेवलाय की." नऊ महिन्यांपूर्वी त्याची मोटारसायकल आणि चपला टेंभुर्णीच्या पुढं, धरणाच्या काठावर सापडल्या. तो सापडला नाही. पाच दिवस होड्या फिरल्या. पुढं गुरुजींच्या सांगण्यावरून दर्भाचा पुतळा केला, त्याला राजसचा शर्ट घातला आणि चुलतदिरानं अग्नी दिला. शर्ट आधी पेटला. इंदू ते डोळे विस्फारून बघत होती.

त्या रात्री लेकीला कुशीत घेऊन निवेदितानं शब्द दिला होता, "पप्पांचा एकसुद्धा मासा मरू देणार नाही."

आता तो शब्द त्या पंपावर टांगला होता. आज दहा मिनिटं थांबतो, उद्या थांबला आणि सुरूच झाला नाही तर? असल्या उन्हात पाणी तापायला कितीसा वेळ? तिनं पंप बदलला. वायरी बदलल्या. इन्व्हर्टरची बॅटरी बदलली. इंदूला झोपवून, टॉर्च दातात धरून तिनं एकेक पिन पुसली. नवा पंपही दुसऱ्याच दिवशी तसाच थांबला. दिवाळीत ती इंदूला घेऊन माहेरी दुधनीला आठ दिवस राहिली, तेव्हा मात्र तो एकदाही थांबला नाही.

"त्याचा जीव घुटमळतोय गं तिथं," सासूबाई, प्रभाबाई, म्हणायच्या. त्या रोज टँकशेजारी उदबत्ती लावायच्या. समोरच्या भिंतीवर राजसचा हार घातलेला फोटो होता. निवेदिता हसण्यावारी न्यायची. पण दुपारी घरात एकटी असली, की त्या पाण्याकडे पाठ करून बसायची नाही.

इंदूच्या श्वासाचा डाग काचेवरून पुरता गेला नव्हता, तेवढ्यात शोभेच्या माशांच्या दुकानाचा विरुपाक्ष आला. हा टँक त्यानं आणि राजसनं मिळून बसवला होता. तो कपाटात डोकं घालून पंप चालवणाऱ्या कंट्रोलरच्या छोट्या पडद्यावर बोट सरकवत राहिला. सरकवता सरकवता थांबला.

"वैनी, ह्यात बिघाड काय न्हाय."

"मग रोज बंद कसा पडतो?"

"पडत न्हाय. कोणतरी बंद करतंय." त्यानं घाम पुसला. "मासळीला दाणे टाकताना ते वाहून जाऊ नयेत म्हणून पाणी थांबवायचं बटण असतंय. दाबलं की दहा मिनिटं बंद, मग आपसूक चालू."

"आम्ही तर कुणी हात लावत नाही त्याला."

"हितनं दाबलेलंच न्हाय. फोनवरनं दाबलंय. बाहेरनं कुटनं तरी." त्यानं पडदा तिच्याकडं वळवला. खाली खाली नुसत्या ओळी होत्या. प्रत्येक ओळीला एकच नाव. "राजसदादांच्या पासवर्डनं. आजचं बी. चार एकवीस."

"त्यांचा फोन तर त्यांच्याबरोबर पाण्यात गेला."

"फोन कुठला बी चालतोय, वैनी. पासवर्ड पायजे. तो त्यांनी मला बी सांगितला नव्हता."

प्रभाबाईंच्या हातातली उदबत्ती तशीच राहिली. राख त्यांच्या बोटांवर पडली.

"पण पाणी थांबवून मिळतं काय?" निवेदितानं विचारलं.

विरुपाक्ष टँकच्या मागं वाकला. तिथं काचेला हरभऱ्याएवढा कॅमेरा चिकटवलेला होता. ऑफिसात बसून मासे दिसावेत म्हणून राजसनंच लावलेला. सगळे तो विसरून गेले होते. त्याच्या कडेला हिरवा ठिपका जळत होता.

"ह्यातनं आवाज बी जातो," विरुपाक्ष हळूच म्हणाला. "पंप चालू असला की मात्र घरघरीत कायच ऐकू येत न्हाय."

निवेदिता त्याच्याशेजारी वाकली. कॅमेऱ्याच्या जागेवरून तिनं पाण्यातून पलीकडं पाहिलं. मासे. त्यांच्यामागं इंदू रोज उभी राहते ती जागा. त्याच्यामागं भिंत, आणि भिंतीवर हार घातलेला राजस.

त्या जागेवर आता इंदू येऊन उभी होती. हात ओले, चेहरा ओला. तिनं सगळं ऐकलं होतं. पाण्यातून तिचा चेहरा थरथरत होता.

"म्हणजे पप्पा ऐकत असतात?"

इंदूनं मागं वळून फोटोकडं पाहिलं.

"मग मी रोज 'पप्पा, घरी या' म्हणते, ते त्यांना ऐकू जात नाही का गं, आई?"