शालीकरामचं जपानी घर

"माती? माणूस चंद्रावर जाऊन राहिला अन् तू मले मातीच्या घरात राहा म्हणते?" शालीकरामनं नव्या घराचा नकाशा खाटेवर आपटला.

सून रेणू हलली नाही. तिनं गोंदियात सिव्हिलचा डिप्लोमा केला होता. कामठा गावातल्या या घरात त्याचा उपयोग वीजबिल वाचण्यापुरता. सासऱ्याला चुलतभाऊ केशोरावसारखं घर हवं होतं: दोन मजले, स्लॅब, काचा, गच्चीवर विमानाच्या आकाराची टाकी. अन् रेणूची दोन वर्षांची चंदा मागच्या मे महिन्यात इथल्याच स्लॅबच्या तापलेल्या खोलीत उलट्या करकरून लोळागोळा झाली होती. दोन दिवस सलाइन. नव्या घरावरही स्लॅबच टाकला तर पोरीला घेऊन रेणू माहेरी जाणार होती. नवरा गुड्डू बापापुढं तोंड उघडत नव्हता.

सासू अनुसयाबाई काही बोलायला गेली.

"तू भात पाह्य," शालीकराम म्हणाला. चाळीस वर्षं तो हेच म्हणत होता.

"मामाजी, हा नकाशा माहा नाही," रेणू म्हणाली. "जपानी सायबाचा हाये. आमच्या कॉलेजात आले होते."

शालीकरामनं नकाशा उचलला. उलटा होता, तो सुलटा केला.

"जपानी?"

"तिकडचे करोडपती अशाच घरात राहतेत."

"मंग पहिलंच काऊन नाही सांगितलं!"

दिवाळीनंतर काम निघालं. नकाशात सरकते दरवाजे रेणूनं स्वतः घातले. बाकी सगळं साहेबांचं. अडलं की ती फोन करायला आत जायची आणि हुकूम घेऊन यायची. चिखलात तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, टाका, वीस दिवस कुजू द्या. कुजवलं. छपरी चार हात बाहेर काढा, भिंतीला ऊन दिसू नये. काढली. नहाणीचं पाणी मागच्या लहान तळ्यात, बोडीत सोडा, काठाला नाल्यातले गोटे मांडा, पश्चिमेला बांबू लावा. शालीकराम गोटे स्वतः वाहून आणायचा.

"सेठ, जपान्याले तणीस कसं मालूम?" बिसराम मिस्त्रीनं विचारलं.

"अबे, तेही भातच खातेत!"

अनुसयाबाई चिखल तुडवायची, भिंती लिंपायची. एकदा तिनं बिसरामचं लिंपण खरवडून पुन्हा करायला लावलं. शालीकराम तिच्यावर धावला. "सायबाच्या कामात हात नको घालू!"

मे आला. भर दुपारी चंदा नव्या घरात चटईवर पंख्याशिवाय घोरत होती. केशोराव घामानं निथळत घर पाहायला आला, बोडीवरच्या वाऱ्यात छपरीत टेकला आणि तासभर उठलाच नाही. उठला तो म्हणाला, "भाऊ, तुह्या जपान्याले माह्या घरी पाठव. वरचा मजला पाडतो मी."

शालीकरामची छाती फुगली. "तो असातसा येत नाही. त्याचं काम समजाले डोकं लागते. रेणू! फोन लाव सायबाले!"

रेणू आत गेली. सरकतं दार तिनं नीट लावून घेतलं. अनुसयाबाई तांदूळ पाखडत होती.

"आई, काकाजी वरचा मजला पाडून राहिले. तुम्हाले बोलावतेत."

अनुसयाबाईनं सूप खाली ठेवलं.

"सायब सांगतो म्हण काय करायचं ते. पण रेणू, कोणी इचारलं तं माहीत पाह्यजे, आपलं जपान नागपूरच्या अलीकडे हाये का पलीकडे?"